पाचगणीला शिफ्ट होतोय, मुलांच्या शाळेचं काय करावं?

कढीपत्ता
नमस्कार मंडळी. इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

तर झालंय असं की नवऱ्याला पाचगणीजवळच्या एका रिसॉर्टमध्ये नोकरी मिळालीय, किचन आणि रेस्टॉरंटचं सगळं त्याच्याकडे. तो दिवाळीनंतर तिकडेच आहे, आणि आम्ही बाकीचे तिघं मेमध्ये पुण्यातलं वारज्याचं घर भाड्याने देऊन वर जायचं म्हणतोय. माझं काम घरूनच असतं. लेक सातवीत आहे, जूनमध्ये आठवीला जाईल, सध्या सीबीएसई. धाकटा सिनियर केजीत, म्हणजे पहिलीला.

ज्याला सांगावं तो म्हणतो, अगं पाचगणीला चाललीस ना, मग शाळेचं टेन्शन कसलं, तिथे शाळाच शाळा! पण फोन करायला लागले तर प्रत्येक ठिकाणी पहिला प्रश्न होस्टेलचा. अहो आम्ही आईबाप तिथेच राहणार, पोरांना होस्टेलला कशाला ठेवू? आणि दोघांची बोर्डिंगची फी भरायची म्हटलं तर नवऱ्याचा पगार तिथेच संपणार, मग आम्ही दोघांनी रिसॉर्टच्या बुफेत उरलेलं खायचं. सासूबाई म्हणतात पोरांना पुण्यात माझ्याकडे ठेवा. नवरा म्हणतो वाईला घालू. मैत्रीण म्हणते होमस्कूलिंग कर. कुणी खरंच तिथे राहून, बोर्डिंगला न घालता पोरं शिकवलीयत का?

आळूवडी
वाचतेय. माझा हाच प्रश्न लोणावळ्याबद्दल आहे.

टेबललँडवरचा_घोडा
माझं लहानपण पाचगणीत गेलं, आईवडील अजून तिथेच असतात, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

पाचगणीतल्या ज्या शाळांची नावं बाहेर माहीत असतात त्या गावातल्या पोरांसाठी काढलेल्याच नव्हत्या. मुळात हे गाव इंग्रजांनी हवापालटासाठी वसवलं, १८६० च्या दशकात चेसन नावाच्या साहेबाने, ते सिल्व्हर ओक वगैरे सगळं त्या काळातलं. हवा चांगली म्हणून मग साहेबांच्या, पारशांच्या, मुंबईच्या श्रीमंतांच्या मुलांसाठी बोर्डिंग निघाली. सेंट जोसेफ्स १८९५ ची. किमिन्स, सेंट पीटर्स, बिलिमोरिया हे सगळे साधारण त्याच पिढीतले. संजीवन १९२२, न्यू एरा १९४५, ती बहाई लोकांची. अंजुमनचीही आहे. आणि गावाची वस्ती म्हणाल तर २०११ च्या जनगणनेत पंधरा हजारसुद्धा भरली नव्हती. म्हणजे शाळांचं गिऱ्हाईक कायम बाहेरचंच.

तरी गावातली पोरं या शाळांत जातात. त्यांना डे स्कॉलर म्हणतात. प्रत्येक शाळेचा हिशेब वेगळा, कुणी घेतं, कुणी फक्त खालच्या वर्गांना घेतं, कुणी डे बोर्डर म्हणून घेतं म्हणजे दुपारचं जेवण, खेळ, संध्याकाळचा अभ्यास सगळं शाळेत, झोपायला फक्त घरी. फोनवर विचाराल तर ऑफिसातला माणूस बोर्डिंगचंच पत्रक पाठवणार, त्याचा तो रोजचा धंदा आहे. समोर जाऊन "आम्ही इथेच राहायला येतोय, डे स्कॉलर घेता का, आठवीत जागा आहे का" एवढंच विचारायचं. पहिलीला अडचण यायची नाही. आठवीचं तिथे गेल्यावरच कळेल.

कढीपत्ता
@घोडा, खूप धन्यवाद! हे डे बोर्डर मला माहीतच नव्हतं. म्हणजे फोनवर मी सगळीकडे चुकीचंच विचारत होते की काय.

पॉपकॉर्नवाला
सेंट पीटर्सला घाला. फ्रेडी मर्क्युरी तिथलाच. पोरगा बँड काढेल, तुम्ही लंडनला.

जुनी_होस्टेलाइट
फ्रेडी बोर्डर होता म्हणून बँड निघाला हो. झांझिबारवरून आलेला फारुख बुलसारा संध्याकाळी जाणार कुठे, पियानो वाजवत बसला. रोज चारला घरी जाणारा असता तर आईने क्लासला पाठवला असता.

(गंमत बाजूला.) मी नव्वदीच्या दशकात पाचगणीत बोर्डिंगला होते, शाळेचं नाव सांगत नाही. आमच्या वर्गात चारपाच डे स्कॉलर मुली होत्या आणि त्यांची आमच्याकडे भयंकर किंमत होती, कारण बाहेरचं खाणं त्याच आणू शकायच्या. कंपासपेटीत वडापाव बसतो हे तुम्हाला माहितीय का? बसतो. आधी पाव दाबून चपटा करायचा, वडा वेगळा कागदात, चटणी पेन्सिलच्या खाचेत. एक मुलगी चक्क वर आठ आणे घ्यायची, आज ती मोठी सीए आहे.

पण खरं सांगू का, चार वाजल्यानंतर त्या आमच्यात नसायच्या. नाटकाची तालीम, हाउसच्या मॅचेस, भांडणं, रडारड, मैत्र्या, सगळं चारनंतर. सोमवारी सकाळी आम्ही ज्या गोष्टीवर हसत असू ती शनिवारी रात्री झालेली असायची आणि त्या बिचाऱ्या नुसत्या बघत बसायच्या. म्हणून तुमच्या लेकीसाठी डे स्कॉलर घेतलंत तर आधी बघा की तिच्या वर्गात अशा किती मुली आहेत. दोनच असतील तर जड जाईल. अर्धा वर्ग असेल तर काही प्रश्न नाही.

दोन_टोकं
जुनी_होस्टेलाइट यांच्याशी सहमत आणि एक भर घालते. आम्ही पाच वर्षं तिथे होतो, नवरा बँकेत. मुलगा एका नावाजलेल्या शाळेत डे स्कॉलर. शिक्षण उत्तम, खोटं बोलणार नाही, मैदानं तर पुण्यात बघायला मिळत नाहीत अशी. पण फी सोडून बाकीचं जे निघतं ना! ट्रिप परदेशी, वाढदिवसाला अख्ख्या वर्गाला केक मुंबईहून मागवलेला, सुट्टीनंतर पोरं सांगतात आम्ही दुबईला गेलो आणि आमचा म्हणतो आम्ही कराडला आत्याकडे गेलो. एकदा ट्रिपचे पैसे भरले नाहीत म्हणून सगळ्यांसमोर उभं केलं होतं त्याला. मी जाऊन बोलले, त्यांनी सॉरी म्हटलं, विषय संपला, पण पोराच्या डोक्यातून नाही गेला. हॉटेलात, बँकेत, दवाखान्यात काम करणाऱ्यांची पोरं त्या वर्गात आली की हा फरक येतोच. तुम्ही आधीच मनाची तयारी ठेवा आणि मुलीशी उघड बोला.

वाईकर_वाडा
आवो ताई, वाईला या की सरळ! तुमचे यजमान बरोबर म्हणतायत. पाचगणी ते वाई बारातेरा किलोमीटर. वाईत मराठी, सेमी, इंग्लिश मीडियम सगळं आहे, द्रविड हायस्कूलसारखी जुनी शाळा आहे, पुढे किसनवीर कॉलेज आहे, क्लासेस आहेत, दाताचा डॉक्टर आहे, मंडई आहे. पाचगणीत भाजीला जावा, टुरिस्टचा दर लावत्यात. शिवाय आमचं गाव म्हणजे विश्वकोशाचं गाव, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींचं गाव, पोरं नुसत्या हवेनं हुशार होत्यात.

पॉपकॉर्नवाला
हवेने हुशार होत असती तर वाईत एवढे क्लासेस कशाला लागले असते?

वाईकर_वाडा
पुण्यामुंबईहून येतात त्यांच्यासाठी काढलेत :)

रातपाळी
मी स्वतः हॉटेल लाइनमध्ये आहे आणि महाबळेश्वर-पाचगणी पट्ट्यात बरीच वर्षं काढलीयत म्हणून बोलतो. वाईत घर घ्या म्हणणाऱ्यांनी रेस्टॉरंटवाल्याची शिफ्ट कधी संपते ते बघा. शेवटचं टेबल उठून किचन बंद होईपर्यंत रात्रीचे साडेअकरा, बारा. त्यानंतर जुलैच्या धुक्यात पसरणी घाट उतरायचा, समोरच्या गाडीचा लाइट दहा फुटांवर आल्यावर दिसतो, आणि सकाळी ब्रेकफास्टला परत वर. पहिल्या महिन्यात हौसेने करेल माणूस, नंतर स्टाफ क्वार्टरमध्येच झोपायला लागेल. म्हणजे तुम्ही वाईत, तो पाचगणीत, मग पुण्यातून निघालातच कशाला?

आणि सीझनचं विसरू नका. दिवाळी, नाताळ, मे, प्रत्येक लाँग वीकेंड. शनिवारी घाटात गाड्यांची रांग लागली की बारा किलोमीटरला दीड तास. शाळेची पोरं एसटीत उभी राहून घरी येतात. राहायचं पाचगणीत आणि शाळा वाईत हे तर त्याहून वाईट. ज्या गावात राहाल त्याच गावात शाळा, असं माझं मत.

वाईकर_वाडा
रातपाळींचं म्हणणं मला मान्य न्हाय. पांगारी, दांडेघरातली, खिंगरची किती पोरं रोज एसटीनं खाली कॉलेजला जात्यात. अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत पास फुकट आहे. वर्षानुवर्षं चाललंय.

रातपाळी
अकरावीचं पोर आणि पहिलीचं पोर यात फरक आहे की नाही, दादा?

वाईकर_वाडा
हां, ते आहे.

माथेरानची_मावशी
अवांतर आहे पण राहवत नाही. तुम्ही घाट घाट करताय, आमच्या माथेरानला गाडीच नाही. गाड्या दस्तुरीलाच थांबतात, तिथून पोरं पायी नाहीतर घोड्यावर. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा सुरू झाल्या तेव्हा सगळ्यात जास्त आनंद शाळेच्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना झाला. दहावी झाली की कॉलेजसाठी खाली नेरळ-कर्जतला. माझ्या भावाने त्यासाठी कुटुंब खाली हलवलं, स्वतः दुकानासाठी वर राहिला. हिल स्टेशनला राहणाऱ्यांची घरं दहावीनंतर दोन होतात, हे आमच्याकडे ठरलेलंच. तुमची लेक आठवीत आहे म्हणजे तीन वर्षांनी हाच प्रश्न परत येणार, त्याचाही आत्ताच विचार करा.

हिशेबनीस
मावशींनी बरोबर जागी बोट ठेवलं. इथे सगळे घाट आणि केकवर बोलतायत, मुलीच्या बोर्डाचं कुणी बोलत नाही.

आठवी हे बोर्ड बदलायचं शेवटचं सोपं वर्ष. आयसीएसई आणि सीबीएसई दोन्हीकडे नववीत नाव रजिस्टर होतं आणि तिथून पुढे नववी-दहावी एकाच बोर्डात काढायची असते. बदलीसारखं कारण असेल तर सीबीएसईत दहावीला शाळा बदलता येते, पण ती सीबीएसईतून सीबीएसईतच. म्हणजे आता जिथे घालाल तिथे तीन वर्षं राहायची तयारी हवी. नवऱ्याने दीड वर्षात नोकरी बदलली तर? हॉटेल लाइनमध्ये हे होतं, रातपाळी सांगतीलच.

पाचगणीच्या जुन्या शाळांत आयसीएसईचं प्रस्थ आहे, सेंट पीटर्स आयसीएसईच. सीबीएसईच्या मुलीला आठवीत तिकडे गेल्यावर सायन्सचे तीन वेगळे पेपर आणि इंग्लिश लिटरेचरला पूर्ण नाटक, याने दचकायला होतं. माझ्या भाचीला पहिल्या सहामाहीत सदतीस टक्के पडले होते, वर्षाच्या शेवटी रुळली. भाषेचंही विचारा. मराठी तर राज्यातल्या सगळ्या शाळांत सक्तीची आहे २०२० च्या कायद्याने, पण दुसरी भाषा म्हणून ती परीक्षेला मिळते की हिंदीच घ्यावी लागते ते शाळेगणिक बदलतं.

अकरावीचं म्हणाल तर २०२५ पासून राज्यभर ऑनलाइन प्रवेश एकच झालाय, त्यामुळे पाचगणीतून पुण्याच्या कॉलेजचा फॉर्म भरायला अडचण नाही. आजीचं घर तेव्हा कामाला येईल. सासूबाईंना आत्ता नाही म्हणा, तीन वर्षांनी हो म्हणा.

कढीपत्ता
@हिशेबनीस, तुमचं सासूबाईंबद्दलचं शेवटचं वाक्य त्यांना जशास तसं वाचून दाखवलं, खूश आहेत.

नोकरी बदलण्याचं मात्र नवऱ्याला विचारलं तर तो गप्प बसला. काय समजायचं ते समजले.

अजून एक, आरटीईतून (शिक्षण हक्क कायद्यातल्या राखीव जागांतून) धाकट्याला मिळेल का कुठे? आमचं उत्पन्न बसतं का ते बघावं लागेल पण आधी शाळाच बसतात का ते विचारते.

हिशेबनीस
त्याच्या भरवशावर राहू नका. २५ टक्क्यांचा नियम अल्पसंख्याक संस्थांना लागू नाही, सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्ये सांगितलंय. वर घोडा यांनी ज्या नावाजलेल्या शाळा लिहिल्यायत त्यातल्या बऱ्याच अशाच संस्थांच्या आहेत. उरलेल्यांत किती जागा आणि तुमच्या घरापासून अंतर किती ते पोर्टलवर बघा.

फळ्यावरचा_खडू
मी याच तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. दोन दिवस वाचतोय, कुणीतरी आमचं नाव काढेल म्हणून वाट बघत होतो. कुणी काढलं नाही. असो.

ताई, धाकट्याला आमच्याकडे घाला असं मी म्हणणार, आणि त्यातलं चांगलं-वाईट दोन्ही सांगणार. भिलार, गोडवली, खिंगर, राजपुरी, भोसे, आंब्रळ, गावोगाव शाळा आहेत. पहिलीपासून इंग्रजी विषय २००० सालापासून आहे. पुस्तकं, गणवेश, दुपारचा भात-आमटी-उसळ फुकट. भिलार तर पुस्तकांचं गाव, २०१७ पासून घराघरात, देवळात, शाळेत पुस्तकं मांडलेली आहेत, आमच्याकडचं पोर सुट्टीत कुणाच्याही ओसरीवर जाऊन वाचत बसतं, पर्यटकांनी फोटो काढले तरी मान वर करत नाही.

आता वाईट. पट कमी आहे. दोन शिक्षक, चार वर्ग. मी एका बाजूला पहिलीला क-कमळ काढून देतो आणि दुसऱ्या बाजूला तिसरीचा गुणाकार घेतो. निवडणूक आली, सर्व्हे आला की एक शिक्षक बाहेर, मग चारी वर्ग एकाकडे. स्ट्रॉबेरीचा तोडा सुरू झाला की जानेवारी-फेब्रुवारीत पहाटे पोरं रानात, शाळेत येतात ती बोटं लाल करून, डोळ्यांवर झोप. पण पहिली-दुसरीला पोराला काय लागतं? वाचायला आलं पाहिजे, मोजायला आलं पाहिजे, गावात चार मित्र झाले पाहिजेत. ते होतं. पाचवीला वाटलं तर बदला.

आणि एक फायदा कुणाच्या लक्षात येत नाही. नवोदयला सहावीत जायचं तर पाचवी त्याच जिल्ह्यात झालेली लागते, आणि ग्रामीण जागांसाठी तिसरी-चौथी-पाचवी ग्रामीण भागातल्या शाळेत. पंच्याहत्तर टक्के जागा ग्रामीण. साताऱ्याची सैनिक शाळाही सहावीला घेते, देशातली पहिली सैनिक शाळा आहे ती, १९६१ ची, २०२१ पासून मुलीही आहेत. तुमच्या लेकीची सहावी गेली, नववीला ज्या जागा रिकाम्या होतील तेवढ्याच असतात, पण चौकशी करायला हरकत नाही.

जुनी_होस्टेलाइट
सर, तुमची पोस्ट वाचून बरं वाटलं. पण एक विचारू? पुण्यातून आलेलं इंग्लिश मीडियम केजीचं पोर, पहिलीत मराठीतून गणित, जमतं का?

फळ्यावरचा_खडू
दिवाळीपर्यंत. त्यानंतर ते मला पुण्याची मराठी शिकवायला लागतं. "सर, 'आलं न्हाय' नसतं, 'आलं नाही' असतं." मी म्हणतो बस खाली.

दोन_टोकं
😂😂 पण सर, मनापासून सांगा, तुमची स्वतःची मुलं कुठे आहेत?

फळ्यावरचा_खडू
हा प्रश्न येणार माहीत होतं. मोठी माझ्याच शाळेत चौथीपर्यंत शिकली, आता वाईला सेमीला आहे, कारण वरच्या वर्गांना विषयवार शिक्षक लागतात ते आमच्याकडे नाहीत. धाकटा माझ्या वर्गात आहे. मला घरी दादा म्हणतो, वर्गात सर म्हणतो आणि रागावला की दोन्ही म्हणत नाही.

घरचीच_शाळा
होमस्कूलिंगबद्दल कुणी लिहीना म्हणून लिहिते. मी करते, नाशिकला. एनआयओएसमधून, म्हणजे केंद्राच्या मुक्त शाळेतून, दहावी देता येते, आणि महाराष्ट्राचं स्वतःचं मुक्त विद्यालय मंडळही आहे, त्यात पाचवी आणि आठवीच्याही परीक्षा आहेत. दहा वर्षं पूर्ण असली की पाचवी, तेरा पूर्ण असली की आठवी. पण मी कढीपत्ता यांना सुचवणार नाही. आम्हाला नाशकात वीसेक कुटुंबांचा ग्रुप आहे, पोरं एकत्र ट्रेकला, मातीकामाला जातात. नव्या गावात, ओळख नसताना, आई दिवसभर कॉलवर आणि बाप शिफ्टला, अशात आठवीची मुलगी घरात एकटी ठेवायची? मला हे धाडसाचं वाटतं. गाव बदलतंय तर शाळा हीच ओळखीची जागा होणार ना तिच्यासाठी.

आळूवडी
आणि पावसात लाइट गेल्यावर ऑनलाइन क्लास कसा करणार ते पण आहे.

रातपाळी
पावसाचं काढलंत ते बरं केलंत. ताई मेमध्ये घर बघताय, मेमध्ये पाचगणीत कुठलंही घर छानच दिसतं. जुलैत जाऊन बघा.

महाबळेश्वरपेक्षा पाचगणीत पाऊस निम्म्याहूनही कमी, हे खरं. डोंगराच्या आडोशाला आहे. महाबळेश्वरात २०२१ च्या जुलैत एका दिवसात ५९४ मिलीमीटर पडला होता, आंबेनळी घाट जागोजागी वाहून गेला, तिथे घरांना पावसाळ्याआधी गवत आणि प्लॅस्टिकचे कागद बांधून भिंती झाकतात. पाचगणीत तेवढं नाही. पण जून ते सप्टेंबर ऊन दिसत नाही. शाळेचे बूट दोन जोड लागतात आणि दोन्ही ओले असतात. आम्ही गॅसच्या शेगडीशेजारी वर्तमानपत्र कोंबून ठेवायचो, सकाळी वरून कोरडे, आत पाय घातला की पचक. वह्यांना कव्हर घातलं की आत बुरशी, कपाटातल्या चामडी पट्ट्यावर हिरवी लव. युनिफॉर्म इस्त्रीनेच वाळवायचा. धाकट्याला दम्याचा, सर्दीचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

टेबललँडवरचा_घोडा
+१. छातीच्या रोग्यांसाठी बेल-एअर हॉस्पिटल काढलं ते इथल्या कोरड्या हवेसाठी, पण ती हवा ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यातला खोकला आम्ही पाचगणीकर धरूनच चालतो.

घराचंही सांगतो. २००१ पासून सगळा भाग इको-सेन्सिटिव्ह, बांधकामावर बंधनं, त्यामुळे नवीन फ्लॅट फारसे होत नाहीत. आणि मालकाला तुम्हाला महिन्याने देण्यापेक्षा टुरिस्टला दिवसाने देणं परवडतं. अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट करताना "मेमध्ये दोन महिने खाली करा" असं सांगणारे महाभाग आहेत. आधी घर, मग शाळा नाही. आधी शाळा, मग तिच्यापासून चालत जाता येईल असं घर. बाजारपेठेपासून आत घ्या, सीझनला हॉर्नने डोकं उठतं.

पॉपकॉर्नवाला
आमिर खानच्या 'तारे जमीन पर'मधलं बोर्डिंग पण न्यू एराच ना? तो बघून माझ्या पोराने मला लिहून घेतलंय की कधीच होस्टेलला टाकणार नाही. सही पण घेतली.

जुनी_होस्टेलाइट
त्या पिक्चरने आमच्या गावाचं आणि बोर्डिंगचं जेवढं नाव झालं तेवढंच बदनामही झालं. सगळ्याच पोरांना वाईट वाटत नाही हो. मला घरी परत पाठवायचं म्हटलं तेव्हा मी रडले होते.

कढीपत्ता
परत आले. शुक्रवार-शनिवार तिथे जाऊन आलो, लेकीला घेऊन. सगळ्यांच्या पोस्ट प्रिंट काढून नेल्या होत्या, नवरा म्हणाला वकिलाकडे चाललोय का आपण.

तीन शाळांत गेलो. एकीने आठवीला डे स्कॉलर घेत नाही म्हणून गेटवरूनच सांगितलं, तेही वॉचमनने. दुसरीत जागा होती पण फी ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. तिसरीत डे बोर्डर घेतात, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, आठवीच्या वर्गात गावातल्या अकरा मुली आहेत, हे मी जुनी_होस्टेलाइट यांच्या सांगण्यावरून मुद्दाम विचारलं. लेखी परीक्षा आणि इंटरव्ह्यू मार्चच्या शेवटी. बोर्ड बदलणार आहे, हिशेबनीस, हो, सदतीस टक्के मी तिला आधीच सांगून ठेवलेत. ती म्हणाली, "चालेल, पण मैदान बघितलंस का?" एवढंच बोलली, त्यानंतर वाई येईपर्यंत हेडफोन.

गंमत म्हणजे तिने विचारलं, मी होस्टेललाच राहिले तर? म्हणजे आम्ही एवढी डोकेफोड केली ती कुणासाठी!

धाकट्याचं मात्र अडलंय. नवऱ्याला दोघं एकाच शाळेत हवीत, सोडायला-आणायला सोपं म्हणून. मला खडू सरांची पोस्ट डोक्यातून जात नाहीये. फीमधला फरक एवढा आहे की त्यात आमचं घरभाडं निघतं. पण चार वर्ग दोन शिक्षक हेही डोक्यातून जात नाहीये.

जुनी_होस्टेलाइट
तिला राहू दे होस्टेलला! आठवड्याला घरी येईल, गावातच तर आहे.

दोन_टोकं
आधी एक वर्ष डे बोर्डर, मग बघा. घाईने होस्टेल नको, पैसेही परत देत नाहीत मध्येच काढलं तर.

हिशेबनीस
दोघं एकाच शाळेत असलीच पाहिजेत असं काही नाही, नवऱ्याची शिफ्ट बघता सोडायला-आणायला तुम्हीच आहात, तेव्हा मत तुमचं चालणार. जुन्या शाळेचा दाखला एप्रिलमध्येच मागून ठेवा, मेमध्ये ऑफिसला कुणी नसतं. आधार, जन्मदाखला आणि शाळेच्या रेकॉर्डवर नाव अक्षरशः एकसारखं आहे का बघा, अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर चालणारा नंबर) तिथेच अडकतो. माझ्या शेजाऱ्यांच्या मुलीचं मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि एका ठिकाणी नुसतं आद्याक्षर, दीड महिना हेलपाटे.

फळ्यावरचा_खडू
ताई, इथे लिहून तुमचं मन व्हायचं नाही. शनिवारी आमची सकाळची शाळा असते, त्या दिवशी या. कुठल्याही गावची बघा, माझीच असं नाही, मुख्याध्यापकांना आदल्या दिवशी फोन केला म्हणजे झालं. परीक्षा लागायच्या आत या, एप्रिलमध्ये खरी शाळा दिसत नाही. आणि मुलाला घेऊन या. तुम्ही दोघं ऑफिसात चहा घ्या, त्याला तेवढा वेळ पहिलीत बसू दे.

कढीपत्ता
येते सर. पुढच्याच शनिवारी. नवऱ्याची सुट्टी मिळाली तर दोघं, नाहीतर मी आणि धाकटा एसटीने.